आधी हक्क, मग प्रत, मग सवलत: जुन्या हार्ड-बॉइल्ड गुप्तहेरकथांची ई-बुकं स्वस्तात कशी मिळवावीत

डॅशिएल हॅमेट किंवा रेमंड चँडलर या गुप्तहेरकथा लिहिणाऱ्या लेखकांचं ई-बुक विकत घेण्याआधी एकच गोष्ट बघायची: आपण राहतो त्या देशात हे पुस्तक कॉपीराइटमधून सुटलंय का? नवे वाचक बहुतेक वेळा थेट ऑनलाइन दुकानात शिरतात आणि सवलतीचा आकडा बघून 'विकत घ्या'वर बोट ठेवतात. मग जे पुस्तक कायदेशीरपणे फुकट आणि नीट तपासलेलं मिळालं असतं, त्याचीच चुकांनी भरलेली प्रत पैसे मोजून घरी येते. सवलत शोधण्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं असतं, म्हणून या लेखाचा क्रमही तसाच ठेवला आहे.

नेमकं काय शोधायचं

हार्ड-बॉइल्ड, म्हणजे रांगड्या, निबर गुप्तहेरांच्या कथांचा हा प्रकार अमेरिकेतल्या स्वस्त मासिकांत जन्माला आला. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं 'ब्लॅक मास्क', ते १९२० साली सुरू झालं. १९२३ मध्ये कॅरोल जॉन डेली आणि डॅशिएल हॅमेट या दोघांच्या खासगी गुप्तहेरांच्या कथा त्यात येऊ लागल्या. हॅमेट स्वतः पिंकर्टन या डिटेक्टिव्ह एजन्सीत नोकरी केलेला माणूस होता. १९२६ ते १९३६ या काळात जोसेफ शॉ संपादक होते आणि त्यांच्या हाताखाली या शैलीला घाट आला. चँडलरची पहिली कथा तिथेच, डिसेंबर १९३३ च्या अंकात छापली गेली. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेल्या वाचकाला इथला नायक निराळा वाटेल. हा माणूस रोजावर काम करतो, मार खातो आणि पोलिसांशीही त्याचं पटत नाही. चँडलरचा गुप्तहेर मार्लो 'द बिग स्लीप'मध्ये आपला दर सांगतो: दिवसाला २५ डॉलर आणि वर खर्च.

मासिकातला हा जन्म ई-बुक घेणाऱ्याच्या कामाचा आहे. यातल्या बऱ्याच कादंबऱ्या आधी मासिकात क्रमशः आल्या आणि पुस्तक करताना लेखकांनी त्यात बदल केले. त्यामुळे एकाच नावाखाली दोन पाठ फिरत असतात. 'रेड हार्वेस्ट' १९२७-२८ मध्ये 'ब्लॅक मास्क'च्या चार अंकांतून आली, पुस्तक म्हणून ती १९२९ ची. पहिल्यांदा वाचणाऱ्याने पुस्तकाचाच पाठ घ्यावा.

पायरी पहिली: तीन रकान्यांची यादी

कागदावर तीन रकाने आखा: लेखक, पुस्तकाचं मूळ नाव आणि पहिल्या प्रकाशनाचं साल, लेखकाचं मृत्युवर्ष. तिसरा रकाना बिनकामाचा वाटेल, पण पैसे वाचतात ते त्याच्यामुळेच.

सुरुवातीला एवढं पुरे. डॅशिएल हॅमेट, मृत्यू १९६१: 'रेड हार्वेस्ट' आणि 'द डेन कर्स' (दोन्ही १९२९), 'द मॉल्टीज फाल्कन' (१९३०), 'द ग्लास की' (१९३१), 'द थिन मॅन' (१९३४). एवढ्या पाचच कादंबऱ्या आहेत, सहावी कुणी विकत असेल तर तो कथासंग्रह समजा. रेमंड चँडलर, मृत्यू १९५९: 'द बिग स्लीप' (१९३९), 'फेअरवेल, माय लव्हली' (१९४०), 'द हाय विंडो' (१९४२), 'द लेडी इन द लेक' (१९४३), 'द लिटल सिस्टर' (१९४९), 'द लाँग गुडबाय' (१९५३), 'प्लेबॅक' (१९५८). मार्लोच्या पूर्ण कादंबऱ्या या सातच.

पुढच्या फळीत जेम्स एम. केन (मृत्यू १९७७), जिम थॉम्प्सन (१९७७), रॉस मॅकडोनाल्ड (१९८३), चेस्टर हाइम्स (१९८४), मिकी स्पिलेन (२००६). लेखिकांना यादीतून गाळू नका. डोरोथी बी. ह्यूजेस यांची 'इन अ लोनली प्लेस' (१९४७) आणि व्हेरा कॅस्पॅरी यांची 'लॉरा' (१९४३) वाचल्याशिवाय या काळाचं चित्र अर्धंच राहतं.

नावं इंग्रजी लिपीत टाइप करताना काळजी घ्या. हॅमेटमध्ये एम दोन आणि टी दोन, डॅशिएलमध्ये शेवटी एल दोन. एक अक्षर सुटलं तर दुकानाचा शोध भलतीच पुस्तकं पुढे करतो. नावांचे घोळही आहेत. रॉस मॅकडोनाल्ड, जॉन डी. मॅकडोनाल्ड आणि फिलिप मॅकडोनाल्ड हे तिघं वेगळे लेखक आहेत. जेम्स एम. केन आणि 'फास्ट वन' (१९३३) लिहिणारे पॉल केन यांचाही एकमेकांशी संबंध नाही.

पायरी दुसरी: तुमच्या देशात हक्क संपलेत का

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो आणि मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून सुरू होते. आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरचे हक्क संपत आले तेव्हा ती वाढवली गेली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ६० झाली. आता वजाबाकी करा. चँडलर १९५९ मध्ये गेले, म्हणजे २०१९ अखेर हक्क संपले आणि १ जानेवारी २०२० पासून त्यांची हयातीत छापलेली पुस्तकं भारतात सगळ्यांसाठी खुली झाली. हॅमेट जानेवारी १९६१ मध्ये गेले, त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०२२ पासून खुली आहेत.

पुण्यात, नागपुरात किंवा पणजीत बसलेल्या वाचकासाठी या प्रकारातले दोन सगळ्यात मोठे लेखक आजच फुकट आहेत, ते या हिशेबाने. सवलतीची वाट बघायची ती फक्त बाकीच्यांसाठी.

रेल्वे फलाटावरच्या स्टॉलवरून जेम्स हॅडली चेसची पुस्तकं उचलणारे वाचक महाराष्ट्रात पुष्कळ होते, त्यामुळे त्यांचं नाव हमखास निघतं. चेस १९८५ साली गेले, म्हणून भारतात त्यांचे हक्क २०४५ अखेरपर्यंत आहेत. त्यांची 'फुकट' फाइल कुठे दिसली तर ती चोरीची समजा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकाचं गणित वेगळं. तिथे या काळातल्या पुस्तकांसाठी प्रकाशनानंतर ९५ वर्षं मोजतात, लेखक कधी गेला हे बघत नाहीत. 'रेड हार्वेस्ट' आणि 'द डेन कर्स' २०२५ च्या सुरुवातीला खुली झाली, 'द मॉल्टीज फाल्कन' १ जानेवारी २०२६ ला. 'द ग्लास की'ची पाळी २०२७ मध्ये येते आणि 'द बिग स्लीप'ची थेट २०३५ मध्ये. कॅनडात २०२२ अखेरपर्यंत मृत्यूनंतर ५० वर्षांचा नियम होता. नंतर तो ७० झाला, पण जे आधीच सुटलं होतं ते परत बंद केलं नाही. म्हणून १९७१ पर्यंत गेलेल्या लेखकांची पुस्तकं तिथे खुली आहेत, हॅमेट आणि चँडलर दोघांचीही. ब्रिटनमध्ये आणि युरोपात सर्वसाधारणपणे मृत्यूनंतर ७० वर्षं धरतात, त्यामुळे तिथल्या वाचकाला चँडलरसाठी २०३० उजाडेपर्यंत थांबावं लागेल.

पायरी तिसरी: फुकट प्रत कुठून उतरवायची

प्रोजेक्ट गुटेनबर्ग या हक्क संपलेली पुस्तकं फुकट देणाऱ्या संकेतस्थळावर चँडलरच्या कादंबऱ्या सापडत नाहीत, आणि तेवढ्यावरून लोक 'म्हणजे फुकट नाहीत' असं ठरवून मोकळे होतात. गुटेनबर्ग अमेरिकन कायद्याने चालतं, म्हणून तिथे १९३९ चं पुस्तक ठेवता येत नाही. भारतातल्या वाचकाने कॅनडाच्या फेडेड पेज या संकेतस्थळावर जावं. तिथली पुस्तकं स्वयंसेवक पानापानाने मुद्रितशोधन करून तयार करतात आणि ईपब या ई-बुकच्या नेहमीच्या फाइलसह अनेक प्रकारच्या फायली देतात. तुमच्या देशात हक्क संपलेत ना, हे बघण्याची जबाबदारी मात्र तुमची. म्हणून दुसरी पायरी आधी.

१९३० पर्यंतच्या पुस्तकांसाठी स्टँडर्ड ईबुक्स हे फुकट पुस्तकांचं संकेतस्थळ बघा. पुस्तकं मोजकी, पण मांडणी अतिशय देखणी: सरळ-तिरपी अक्षरं, अवतरणचिन्हं, अनुक्रमणिका, सगळं जागच्या जागी. हॅमेटच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या आधी इथेच शोधाव्यात.

मासिकांचे जुने अंक स्कॅन केलेल्या पीडीएफ रूपात इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात. ते किंडलवर उतरवण्याची घाई करू नका. मासिकाचं पान दोन रकान्यांचं असतं, सहा इंची पडद्यावर ते मावतं पण अक्षर डोळ्यांना लागत नाही आणि वाढवलं की पान सतत सरकवावं लागतं. दहा इंची टॅबलेट असेल तरच हे अंक वाचण्यात मजा आहे, आणि जाहिरातींसकट जुना अंक चाळण्याची मजा खरंच मोठी आहे.

पायरी चौथी: स्वस्त प्रत खरी की भुसा

हक्क संपलेलं पुस्तक कुणीही छापून विकू शकतो. त्यामुळे दुकानात 'द बिग स्लीप' शोधलं की अधिकृत प्रकाशकाच्या प्रतीशेजारी किरकोळ किमतीच्या अनेक प्रती दिसतात. त्यातल्या काही चांगल्या असतात. बऱ्याच मात्र स्कॅन करून यंत्राने अक्षरं ओळखून, न तपासता बाजारात आणलेल्या असतात. दहा मिनिटं घालवली तर फरक कळतो.

फुकट नमुना उतरवा आणि अनुक्रमणिका मोजा. 'द मॉल्टीज फाल्कन'ची प्रकरणं २०, प्रत्येकाला शीर्षक. 'रेड हार्वेस्ट'ची २७, तीही शीर्षकांसह. 'द बिग स्लीप'ची ३२ आणि 'द लाँग गुडबाय'ची ५३, चँडलर प्रकरणांना नुसते आकडे देतो. आकडा जुळला नाही, किंवा अनुक्रमणिकाच नसली, तर पुढे जाऊ नका.

मग पानांची संख्या बघा. चँडलरची कादंबरी छापील दोनशे पानांच्या वर जाते. सत्तर-ऐंशी पानं लिहिलेली असतील तर ती इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीची संक्षिप्त आवृत्ती असते, किंवा विद्यार्थ्यांसाठीचं सारांशाचं पुस्तक. मुखपृष्ठावर मूळ नाव ठळक असतं आणि 'संक्षिप्त' हा शब्द बारीक. संक्षिप्त आवृत्ती वाईट असते असं नाही, पण ज्या भाषेसाठी चँडलर वाचायचा ती भाषाच तिथे उरत नाही. 'फाल्कन'साठी एक खूण उपयोगी पडते. सातव्या प्रकरणात त्यातला गुप्तहेर स्पेड हा फ्लिटक्राफ्ट नावाच्या माणसाची गोष्ट सांगतो. डोक्यावर कोसळता कोसळता राहिलेल्या तुळईमुळे घरदार सोडून निघून गेलेला तो माणूस. कथानकाला त्या गोष्टीची गरज नाही, म्हणून १९४१ च्या चित्रपटातून ती गळाली. पण हॅमेटचं सगळं जगाबद्दलचं म्हणणं त्या दोन-तीन पानांत आहे. ती नसेल तर पुस्तक कापलेलं आहे.

आता नमुन्याची चार पानं डोळ्यात तेल घालून वाचा. इंग्रजीतला आर आणि एन शेजारी आले की यंत्राला ते एम दिसतात. 'कॉर्नर'चं 'कमर' होतं, 'मॉडर्न'चं 'मोडेम'. सगळ्यात त्रासदायक म्हणजे 'बर्न'चं 'बम' होणं. जळणं या अर्थाचा शब्द जाऊन भणंग माणूस या अर्थाचा येतो, आणि या पुस्तकांत भणंग माणसं पानोपानी असल्यामुळे ना स्पेलिंग तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ती चूक सापडते ना वाचकाला. वाक्य मात्र विचित्र लागतं आणि वाचक आपल्या इंग्रजीला दोष देतो. दुसरी खूण म्हणजे ओळीच्या मधोमध तुटलेले शब्द: छापील पानावर ओळ संपताना दिलेलं संयोगचिन्ह तसंच राहिलेलं असतं. तिसरी, अवतरणचिन्हं. या लेखकांचे संवाद तुटक असतात, 'तो म्हणाला' फारसं येत नाही. एक अवतरणचिन्ह गळलं की कोण बोलतंय ते उलटं होतं आणि पुढची दहा वाक्यं चुकीच्या तोंडी जातात. चार पानांत अशा दोन चुका दिसल्या तरी ती प्रत सोडा, कारण पहिली पानं प्रकाशकाने त्यातल्या त्यात नीट ठेवलेली असतात.

जाडजूड 'समग्र' संच घेताना आणखी एक गोष्ट माहीत हवी. चँडलर आपल्या मासिकातल्या कथा कुटून कादंबऱ्या करत असे. 'किलर इन द रेन' (१९३५) आणि 'द कर्टन' (१९३६) या कथा 'द बिग स्लीप'मध्ये विरघळल्या आहेत. संचात कथा आधी लावलेल्या असतील तर कादंबरीतलं रहस्य आधीच फुटतं. कादंबऱ्या वाचून मग कथा वाचा. तेव्हा तेच प्रसंग त्याने कसे बदलले हे बघण्यात वेगळाच आनंद मिळतो.

पायरी पाचवी: पैसे देऊन घ्यायची पुस्तकं, पण सवलतीत

केन, थॉम्प्सन, मॅकडोनाल्ड, हाइम्स, ह्यूजेस यांचे हक्क जिवंत आहेत. इथे सवलतीला अर्थ आहे.

पहिल्यांदा हे समजून घ्या की ई-बुकचे हक्क देशागणिक विकले जातात. अमेरिकेत एका प्रकाशकाकडे असलेलं पुस्तक भारतात दुसऱ्याच प्रकाशकाकडे असू शकतं किंवा मिळतच नाही. त्यामुळे अमेरिकेतली '१.९९ डॉलर' ही घोषणा भारतातल्या खात्यावर बहुतेक वेळा लागू होत नाही. दुवा उघडला की पूर्ण किंमत दिसते आणि लोकांना वाटतं सवलत संपली. ती आपल्यासाठी नव्हतीच. म्हणून सवलतीची पत्रं मागवताना आपला देश निवडा. बुकबब ही ईमेल सेवा फुकट आहे आणि तिच्यात भारताचा पर्याय आहे. प्रकारांमध्ये गुन्हेकथा आणि रहस्यकथा एवढ्यांवरच खूण करा, नाहीतर रोजचं पत्र न वाचता पुसायची सवय लागते.

मग यादीतली पुस्तकं किंडलच्या दुकानात विश लिस्टमध्ये टाका. पुस्तक यादीत टाकल्यानंतर किंमत किती उतरली हे संगणकावर ती यादी उघडली की दिसतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सगळी यादी वरून खाली बघायची, पाच मिनिटांचं काम. महिना बदलला की महिन्याच्या सवलतीही बदलतात, म्हणून १ तारखेला एक फेरी जादा मारा. तेच पुस्तक गूगल प्ले बुक्स आणि कोबोवरही बघा. एका दुकानात उतरलेली किंमत दुसऱ्यात उतरलेलीच असते असं नाही.

किंमत उतरली म्हणजे काय, हे कळायला मूळ किंमत ठाऊक हवी. यादीच्या कागदावर चौथा रकाना वाढवून पहिल्या दिवशीची किंमत आणि तारीख लिहून ठेवा. खोडलेली छापील किंमत आणि तिच्याशी केलेली टक्केवारीची तुलना यांचा उपयोग नाही, कारण छापील प्रतीच्या किमतीला ई-बुक कधी विकलंच जात नसतं. संच स्वस्त वाटला तर भागाकार करा. समजा तीन कादंबऱ्यांचा संच ४५० रुपयांना आहे आणि त्यातली एक तुमच्याकडे आहे, तर उरलेल्या दोन तुम्हाला २२५ रुपयांना एक अशा पडतात. सुट्या त्याहून स्वस्त असतील तर संच नको.

किंडल अनलिमिटेडसारखी महिन्याची वर्गणी घेण्याआधी यादीतली किती पुस्तकं तिच्यात आहेत ते शोधून मोजा. या प्रकारातली तिथली पुष्कळशी पुस्तकं हक्क संपलेल्यांच्या पुनर्मुद्रित प्रतीच असतात, ज्या तुम्हाला फुकट मिळतात. यादीतली चारपाच हक्कवाली पुस्तकं सापडली तर एका महिन्याची वर्गणी घ्या, वाचून संपवा आणि वर्गणी आपोआप पुढे चालू राहणार नाही अशी लगेच बंद करा. भरलेल्या महिन्याची मुदत संपेपर्यंत पुस्तकं उघडतात.

अमेरिकेत असाल तर पैसे देण्याआधी गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढा. लिबी आणि हुपला या ॲपवर या प्रकारातली पुस्तकं फुकट वाचायला मिळतात, आणि लिबीवरची बरीच पुस्तकं तिथे किंडलवरही पाठवता येतात. विकत घ्यायचीच असतील तर ओपन रोड या प्रकाशनसंस्थेचं अर्ली बर्ड बुक्स हे सवलतींचं पत्र मागवा. जुनी, बाजारातून गेलेली गुन्हेकथांची पुस्तकं ई-बुक रूपात परत आणण्याचं मोठं काम या संस्थेने मिस्टीरियस प्रेसच्या सोबतीने केलं आहे.

चुकून भलतंच पुस्तक घेतलं गेलं तर वाचत बसू नका. 'परत करा'चा पर्याय थोडेच दिवस खुला असतो आणि बरंचसं वाचून झालेलं पुस्तक दुकान परत घ्यायला कां कू करतं.

पायरी सहावी: फाइल उपकरणावर चढवणं

फुकट स्थळांवरून ईपब फाइल घेतली की फोनवर ती कुठल्याही वाचन-ॲपमध्ये उघडते आणि कोबोच्या वाचन-उपकरणावर तारेने थेट टाकता येते. किंडलचं तसं नाही. तारेने टाकलेली ईपब फाइल किंडल दाखवतच नाही, आणि उपकरण बिघडलं असं वाटतं. दोन वाटा आहेत. ॲमेझॉनच्या सेंड टू किंडल पानावरून ईपब पाठवा. फाइल तिथे बदलली जाते आणि उपकरणावर येते, फक्त कधीकधी मांडणीत थोडा बिघाड होतो. नाहीतर कॅलिबर हे फुकट सॉफ्टवेअर संगणकावर घेऊन ईपबची एझेडडब्ल्यू३ ही किंडलला चालणारी फाइल करा आणि तारेने 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये टाका. स्टँडर्ड ईबुक्सवर एझेडडब्ल्यू३ तयारच मिळते, तिथे बदलण्याची खटपट नाही.

कॅलिबरमध्ये पुस्तक घेतल्यावर लेखकाचं नाव आणि पहिल्या प्रकाशनाचं साल लगेच दुरुस्त करा. फुकट फायलींमध्ये कधी साल ई-बुक तयार झाल्याचं असतं, कधी आडनाव आधी तर कधी नाव, आणि मग एकच चँडलर उपकरणावर तीन ठिकाणी दिसतो. मालिकेच्या रकान्यात मार्लो आणि क्रमांक घातला की सात कादंबऱ्या ओळीने लागतात.

विकत घेतलेल्या किंडल पुस्तकांची प्रत संगणकावर उतरवून ठेवण्याची सोय ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. ती पुस्तकं खात्यात आणि उपकरणावर राहतात, तुमच्या फोल्डरमध्ये नाही. हक्क संपलेल्या पुस्तकांच्या मोकळ्या ईपब फायली मात्र पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर आणखी एका जागी ठेवता येतात. उतरवल्या दिवशीच ठेवा, आणि फाइलच्या नावात ती कुठल्या स्थळावरून घेतली तेही लिहा, म्हणजे पुढे कधी पानात चूक सापडली तर सुधारलेली प्रत कुठे बघायची ते कळेल.